वाचकांचे प्रश्न : हाताला काम, मनाला उसंत

कला आणि मनाची शांतता या विषयावर प्रश्न पाठवावेत, असे गेल्या अंकात सुचवले होते. पत्रे अपेक्षेपेक्षा पुष्कळ आली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला होता : कोणती कला शिकली असता मन सर्वांत लवकर शांत होते? त्या प्रश्नाला मी उत्तर दिलेले नाही, कारण त्यातला ‘लवकर’ हा शब्द काढून टाकल्याशिवाय त्याला उत्तरच नाही. उरलेल्या पत्रांतून सहा निवडली असून लेखकांच्या विनंतीवरून केवळ गावे छापली आहेत. जिल्हा परिषदेच्या प्रशालांत जन्मभर चित्रकला शिकवलेल्या माणसाची ही उत्तरे आहेत. ती वैद्याची किंवा बुवाची नव्हेत, हे ध्यानात ठेवून वाचावीत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. चित्रे काढण्याची हौस नोकरीत राहून गेली होती, म्हणून पाच महिन्यांपासून रोज सकाळी सात ते नऊ चित्राला बसतो. उत्तम कागद आणले, जलरंग आणले, ऑनलाइन वर्गही लावला. परंतु शांती मिळण्याऐवजी चिडचिड वाढली. चित्र मनासारखे उतरत नाही, मी कागद फाडतो आणि दिवसभर तेच डोक्यात घोळत राहते. घरचे म्हणतात, सोडून द्या. (लातूर)

उत्तर : सोडू नका, मात्र आज जे करत आहात ते थांबवा. तुमच्या दोन पानी पत्रात शांती हा शब्द सात वेळा आला आहे आणि तुम्ही कशाचे चित्र काढता, याचा उल्लेख एकदाही नाही. आयुष्यभर दिवसअखेरीस तेरीज जुळवलेल्या माणसाने रोज सकाळी चित्राला बसावे आणि नऊच्या ठोक्याला शांतीची शिल्लक मोजावी, तसे तुमचे चालले आहे. ती शिल्लक रोज शून्य भरते, कारण मोजणारा शेजारी बसलेला असेपर्यंत तिच्यात काही जमाच होत नाही.

रंग काही दिवस कपाटात ठेवा. घरात पितळेचा जुना तांब्या असेल. तो घासून चकचकीत न करता, आहे तसाच, एका बाजूने उजेड येणाऱ्या खिडकीत ठेवा. साधा कागद आणि २बीची पेन्सिल घ्या आणि तांब्याचे तोंड काढा. बहुतेक जण ते पुरते गोल काढतात, कारण तांब्याचे तोंड गोल असते हे त्यांना ठाऊक असते. आणि बूड सरळ रेघेने काढतात, कारण तांब्या पाटावर सपाट बसतो हेही त्यांना ठाऊक असते. तुमच्या जागेवरून पाहिले तर ते तोंड चपट्या लंबवर्तुळासारखे दिसते आणि बुडाची कड खालच्या अंगाला किंचित फुगलेली दिसते. ताठ बसलात की ते तोंड अधिक उघडते, वाकलात की मिटत जाते आणि डोळे काठाच्या बरोबर पातळीला आले की तोंड नाहीसे होऊन नुसती एक आडवी रेघ उरते. मान वर-खाली करून हे एकदा प्रत्यक्ष पाहा. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ही गोष्ट कागदावर यायला दोन महिने लागत आणि मोठ्यांना सहा, कारण मोठ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी अधिक असतात.

ठाऊक असलेले बाजूला सारून दिसते तेवढेच उतरवायचे, या झटापटीत मनाची एरवीची बडबड बंद पडते, कारण दोन्ही कामे एकदम चालवण्याइतकी जागा त्याच्यापाशी नसते. ती बंद पडली आहे, हे तुम्हाला त्या वेळी कळणार नाही. शेजारचा चहा गार झालेला दिसेल तेव्हा कळेल.

चित्र वाईट आले तर मागे तारीख घालून ठेवून द्या, फाडू नका. फाडण्यातही एक दिमाख असतो, जणू आपल्या हातून उत्तमच व्हायला हवे होते. चित्राच्या फळाविषयी आपल्याच अजिंठ्याची एक हकिकत सांगतो. मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल हा अधिकारी १८४४ मध्ये तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर नेमला गेला आणि पुढची कितीतरी वर्षे त्याने त्या अंधाऱ्या लेण्यांत मोठमोठ्या कॅनव्हासांवर तैलरंगांत ती चित्रे उतरवण्यात घालवली. लंडनला गेलेल्या त्याच्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम करायला अजिंठ्याला येऊ लागले. ते काम १८८५ पर्यंत चालले आणि त्यांच्याही पुष्कळ प्रतिकृती त्याच वर्षी लंडनमध्येच आगीत गेल्या. गिलचे मन शांत होते, असे मी म्हणणार नाही. त्याचे पुढचे आयुष्य सुखाचे दिसत नाही. पण चित्र टिकणे एवढाच चित्र काढण्याचा लाभ असता, तर एवढी माणसे पुन्हा पुन्हा त्या दरीत उतरली नसती. तुमच्या तांब्याला तर आगीचीही भीती नाही. तो रद्दीत जाईल, जाऊ द्या.

सहा आठवड्यांनी मला पत्र लिहा आणि त्यात शांतीविषयी काहीही लिहू नका. तांब्याच्या गळ्याखाली जी सावली पडते, तिची खालची कड धारदार दिसते की विरत जाते, एवढेच कळवा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. ठिपक्यांची रांगोळी आणि मंडलाकृती काढते. आधी काढताना खूप छान वाटायचे. वर्षापूर्वी इन्स्टाग्रामवर त्याचे पान सुरू केले आणि आता रांगोळी काढताना मोबाईल कुठे लावू, सावली पडेल का, लोकांना आवडेल का, हेच मनात असते. पूर्वीसारखे वाटण्यासाठी काय करू? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सहा पत्रांत तुझा प्रश्न सर्वांत स्पष्ट आहे, म्हणून उत्तरही लहान देतो. आठवडाभर दारात रांगोळी काढ आणि फोटो काढू नकोस. आजी सडा टाकून जी रांगोळी काढत असे, ती दुपारपर्यंत पायांनी, सायकलींनी, वाऱ्याने पुसून जाई आणि उद्याची जागा मोकळी होई. तुझी कालची रांगोळी मात्र पुसली जातच नाही; ती फोनमध्ये बसून आजच्या रांगोळीला टोमणे मारते. पान बंद कर, असे मी म्हणत नाही, कारण मैत्रिणींनी वाहवा करावी असे वाटण्यात गैर काही नाही. आठवड्यातला एक वार पानाचा ठरव. बाकीचे सहा वार रांगोळी उंबऱ्याची.

प्रश्न : वय सव्वीस, शेती तीन एकर. अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात गेले. सोसायटीचे कर्ज आहे आणि खासगी देणेही आहे. आमच्या भजनी मंडळात मी पखवाज वाजवत असे. सहा महिने त्याला हात लावलेला नाही. वडील म्हणतात, हरिपाठाला येत जा, बरे वाटेल. मला वाटते, डोक्यावर देणे असताना देवळात बसून वाजवणे ही स्वतःची फसवणूक आहे. रात्र रात्र झोप येत नाही आणि कधी कधी सगळे संपवून टाकावेसे वाटते. वडिलांचे खरे की माझे? (गेवराई तालुका)

उत्तर : तुमचे शेवटून दुसरे वाक्य मी आधी घेतो, कारण त्याच्यापुढे बाकीचा प्रश्न लहान आहे. पत्र हाती आले त्याच दिवशी संपादकांनी तुमच्याशी बोलणे केले, हे योग्यच झाले. तरीही इथे छापतो, कारण असे वाक्य मनात असून न लिहिलेले वाचक आणखी असतील. सगळे संपवावेसे वाटणे ही कलेने किंवा चिंतनाने हाताळण्याची गोष्ट नाही. १४४१६ हा शासनाच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे; तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मनोविकारांचे डॉक्टर भेटतात. झोप महिनोन्‌महिने येत नसेल तर तोही आजार आहे आणि त्यावर औषध आहे. आजच रात्री वडिलांना किंवा एखाद्या मित्राला ते वाक्य जसेच्या तसे सांगा, शब्द सौम्य करू नका.

आता तुमच्या वादाकडे वळतो. देण्याच्या बाबतीत तुमचे खरे आहे. कर्ज ही मनाची अवस्था नाही, तो कागदावरचा आकडा आहे, आणि ज्या माणसाचे पीक पाण्यात गेले त्याला अंतर्मुख व्हा असे सांगणारे लोक मला फारसे आवडत नाहीत. पंचनाम्यात तुमचा गट क्रमांक लागला की नाही, सोसायटीत कर्जाचे पुनर्गठन होते का, खासगी देण्याला लेखी काही आहे का, ही चौकशी दिवसाउजेडी, कागद हातात घेऊन आणि एक जाणता माणूस सोबत नेऊन करायची आहे. मंडळाच्या वीस माणसांत असा एक तरी निघेल. देवळात जाण्याचे तेही एक कारण धरा.

पखवाजाच्या बाबतीत मात्र वडिलांचे खरे आहे. किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ ला, तेव्हा मी त्याच भागात नोकरीला होतो. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरू लागली आणि कोणीतरी पाठवलेल्या रंगखडूंच्या पेट्या माझ्या हाती आल्या. मुले आता आपले दुःख कागदावर ओततील, अशी माझी समजूत होती, कारण तसे कुठेतरी वाचले होते. मुलांनी दुःख वगैरे काही ओतले नाही. लाल खडू कोणी आधी घ्यायचा यावरून ती भांडली आणि नंतर आदल्या वर्षी मी शिकवला होता तोच गणपती बहुतेकांनी काढला. एक मुलगा तर सोंडेच्या वळणापाशी पुन्हा पुन्हा अडत होता आणि थुंकी लावून कागद पुसत होता. त्या मुलांचे घर परत आले नाही, रात्री दचकून उठणे थांबले नाही. फक्त आठवड्यातला तो एक तास शेडमध्ये कोणी रडत नसे. त्या तासाला मी तेव्हा कमी लेखले होते.

तुमचा पखवाज सहा महिने पडून आहे म्हणजे वाद्या सैल झाल्या असतील, पुडीवर धूळ असेल. वाजवायचे की नाही, हे नंतर ठरवा. आधी तो बाहेर काढा, पुसा, वाद्या ओढा. घरातून मूठभर कणीक भिजवून घ्या, धुम्यावर, म्हणजे डाव्या हाताच्या मोठ्या तोंडावर, थापा, बोटाने दाबत कडेकडेने सारखी करा आणि आवाज भरीव येईपर्यंत कमी-जास्त करत राहा. कणीक जास्त झाली तर धुमा दबतो आणि कमी झाली तर रिकाम्या डब्यासारखा वाजतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. एवढे झाल्यावर हात आपोआप भजनी ठेक्यावर जाईल. आठ मात्रांत देण्याचा विचार शिरला तर सम चुकते आणि टाळकरी वळून पाहतात. त्या पाऊण तासात फसवणूक कुणाचीच होत नाही, कारण कर्ज फिटले असे तिथे कोणी म्हणत नाही.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी मोठ्या ओढीने अजिंठा आणि वेरूळ पाहायला गेलो. तिथे ध्यानस्थ मूर्ती पाहून मन शांत होते, असे खूप ऐकले होते. प्रत्यक्षात गर्दी, मुलांचा आरडाओरडा, वाटाड्याची घाई. दोन दिवसांत दोन्ही ठिकाणची सगळी लेणी पाहिली आणि पाय दुखण्यापलीकडे काही वाटले नाही. आमच्यातच काही उणे आहे का? (नांदेड)

उत्तर : उणे तुमच्यात नाही, दोन दिवसांच्या बेतात आहे. अजिंठ्याला तीस लेणी, वेरूळला चौतीस. दोन दिवसांत चौसष्ट लेणी पाहणाऱ्याचे पायच दुखणार. तुम्ही पोचलात आणि लेणी बंद नव्हती, एवढे तरी जमले, कारण अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे पाटी वाचल्यावर कळणारेही दर आठवड्याला दिसतात.

पुन्हा जाल तेव्हा एकाच लेण्यात बसून या. अजिंठ्याचे सव्विसावे लेणे मी सुचवतो. तिथे डाव्या भिंतीला बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची निजलेली मूर्ती आहे. लोक येतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात, मोबाईल उंचावतात आणि दोन मिनिटांत बाहेर पडतात. तुम्ही समोरच्या खांबाशी बसा. पहिली दहा मिनिटे मूर्तीचा आकारच डोळ्यांत भरतो. त्यानंतर उशी दिसते. डोक्याच्या भाराने ती दगडाची उशी दबलेली आहे. मग खालच्या बाजूला शोक करणारी माणसे दिसू लागतात, कोणी हात गालाला लावून बसलेला, कोणी मान खाली घातलेला, आणि वरच्या बाजूला स्वर्गातल्यांची लगबग. मध्ये तो चेहरा. शोक करणाऱ्यांची रांग कोरणाऱ्याने गाळली असती, तर तो चेहरा इतका निवांत दिसला नसता, असे मला दर वेळी वाटते. तुम्हाला वेगळे वाटेल, तेही कळवा.

अजिंठ्याच्या चित्रांबद्दलही एक गोष्ट सांगावीशी वाटते. तिथे चित्रकाराच्या आधी गिलावा करणारा होता. माती, भुसा, गवताचे तंतू असे मिश्रण त्या खडबडीत दगडावर लिंपले जाई, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरे आणि मगच गेरू, पिवळी माती, काजळी असे रंग यायचे. निळा तेवढा लांबून, अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा. जिथे रंग उडाले आहेत तिथे हा गिलावा उघडा पडलेला दिसतो आणि त्यातल्या गवताच्या काड्याही ओळखू येतात. आपल्याकडच्या मातीच्या भिंती ज्यांनी लिंपल्या किंवा लिंपताना पाहिल्या आहेत, त्यांना तो गिलावा घरचा वाटेल. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहायला रांग लागते. गिलाव्यापाशी कोणी उभे राहत नाही. तिथे जागा मिळते.

गर्दीच सोसत नसेल तर वेरूळच्या दहाव्या लेण्यात सकाळी दार उघडताच जा. लाकडी तुळया असाव्यात तशा दगडाच्या फासळ्या छताला कोरल्यामुळे लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. आत हळू आवाजात काढलेला एकच स्वर बराच वेळ रेंगाळतो. किंवा छत्रपती संभाजीनगरच्याच लेण्यांना जा. बीबी का मकबऱ्याच्या मागे डोंगरात ती आहेत आणि शहराला त्यांचा विसर पडलेला असल्यामुळे तिथे शांतता शिल्लक आहे. सातव्या लेण्यात एक नर्तिका आणि तिच्या भोवती वाद्ये घेऊन बसलेल्या स्त्रिया कोरल्या आहेत. दगडातल्या त्या मैफलीसमोर मी एकदा पावसामुळे दोन तास अडकलो होतो. पाऊस थांबल्यावरही लगेच निघालो नाही.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. आत्मचिंतन करावे म्हणून रोज रात्री वही लिहिते. दिवसभरात कोण काय बोलले, मला काय वाटले, माझे काय चुकले, हे सगळे प्रामाणिकपणे उतरवते. लिहून मन हलके व्हायला हवे. माझे जड होते आणि तेच प्रसंग स्वप्नातही येतात. (अंबाजोगाई)

उत्तर : तुम्ही चिंतन करत नाही, रोज रात्री शाळेतला तंटा पुन्हा भरवता आणि त्यात फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश या तिन्ही जागांवर स्वतःच बसता. अशा खटल्याचा निकाल कधी लागत नाही, तारीख मात्र रोज पडते.

तुमच्याच गावात संतकवी दासोपंत होऊन गेले (१५५१–१६१५). वहीचा कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी पंचीकरणावरचे आपले लेखन लांबच लांब जाड कापडावर उतरवले. ती दासोपंतांची पासोडी अंबाजोगाईत आजही आहे. त्यांना रोज एक ढब्बू पैशाची शाई लागत असे, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सांगणाऱ्यांना त्यांच्या लेखनाचा आवाका दाखवायचा असतो. मला मात्र त्यातले माप आवडते. एवढी शाई आज संपवायची. ती संपली की लेखणी पुसून ठेवायची, मनात काही उरले असो वा नसो. आणि पासोडीवर जे आहे ते पंचमहाभूतांविषयी, या देहाच्या घडणीविषयी आहे. शेजारी काय म्हणाले, हे तिच्यात नाही.

महिनाभर असे करून पाहा. रात्री लिहू नका, संध्याकाळी दिवा लागण्याच्या वेळी लिहा. थकलेले मन रात्री वकिली फार करते. एक पान ठरवा आणि पानाच्या तळाशी वाक्य अर्धे असले तरी थांबा. पानात त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट लिहा : फळा पुसताना खडूची भुकटी उन्हाच्या पट्ट्यात कशी तरंगत होती, किंवा मधल्या सुट्टीत डबा न आणलेली मुलगी पाण्याच्या टाकीपाशी किती वेळ उभी होती. ‘मला वाटले’ हे दोन शब्द महिनाभर वापरू नका. दुसऱ्या उदाहरणातल्या मुलीबद्दल लिहिताना काही करावेसे वाटले तर सकाळी ते करा आणि वहीत त्याची नोंद ठेवू नका.

तुमच्या पत्रात एका सहकाऱ्याच्या बोलण्याचा उल्लेख चार वेळा आला आहे. ते वाचून मलाही राग आला. तो राग वहीने जिरणार नाही, जिरूही नये. तिथे मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार हेच खरे लेखन आहे.

प्रश्न : घर, शेतावरच्या माणसांचा स्वयंपाक, म्हातारे सासरे, दोन मुले यांत मला कलेसाठी वेळ कुठला? तुमच्या सदरातली माणसे सकाळी दोन तास चित्र काढतात, ते वाचून हसू येते. मला फक्त गोधडी शिवता येते. ती कला म्हणायची का? आणि दुसरे असे की, आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिची पाच लुगडी माझ्याकडे आहेत. त्यांची गोधडी करावी असे मनात आहे, पण कात्री लावायला हात होत नाही. (कळंब तालुका)

उत्तर : तुमचे हसू मला मान्य आहे. बायकांच्या कष्टांना कला म्हणून नमस्कार करायचा आणि कष्ट तसेच ठेवायचे, ही आपली जुनी युक्ती आहे. गंगाखेडची जनाबाई दळता दळता अभंग रचत असे हे खरे आणि आपल्याकडच्या बायकांनी जात्यावर हजारो ओव्या गायल्या हेही खरे. पण जे लोक हे सांगताना फार हळवे होतात, त्यांनी एकदा पायली दोन पायली ज्वारी स्वतः दळून पाहावी. ओवीने जाते हलके होत नव्हते. ते ओढताना मनातले बोलायला तेवढी एक जागा होती, इतकेच. म्हणून आधी घरातल्या माणसांना सांगा की, दुपारी दोन ते तीन मी गोधडीला बसणार, त्या वेळात चहा ज्याचा त्याने करावा. मुले मोठी असतील तर सासऱ्यांचा चहाही करतील.

गोधडी ही कला आहे की नाही, याचा निकाल मी देत नाही. मी जन्मभर मुलांना ज्या गोष्टी शिकवल्या, म्हणजे रंगांची जुळणी, भरीव आणि मोकळी जागा, रेघेची लय, त्या सगळ्या तिच्यात आहेत आणि वर ती पांघरता येते. माझ्या आजीची एक गोधडी मी अजून वापरतो. तिचा धावदोरा कडेपासून निघून चौकोनात चौकोन करत आत जातो, आणि मध्याच्या जवळ आल्यावर टाके एकाएकी लांब झाले आहेत. तिथे तिला उरकायची घाई झाली असणार, किंवा दिवस मावळला असणार. बोट फिरवले की ती जागा अंधारातही कळते.

लुगड्यांना कात्री लावायची गरजच नाही. सर्वांत जीर्ण झालेली तीन लुगडी अखंड ठेवूनच घड्या घालून आतले थर करा. ती दिसणार नाहीत, पण ऊब त्यांचीच राहील. उरलेल्या दोनांपैकी ज्याचा पोत अजून धड आहे ते खालच्या बाजूला घ्या आणि आईच्या अंगावर तुम्ही सर्वांत अधिक पाहिलेले वर. कापड आधी धुऊन चांगल्या उन्हात वाळवा, जमिनीवर सुरकुती न ठेवता अंथरा, चारी बाजूंनी आणि मधून लांब टाके घालून थर टाचून घ्या, म्हणजे शिवताना सरकणार नाहीत. मग कडेने सुरुवात करा. दिवसाला एक दोरा पुरे.

वरच्या लुगड्याच्या पदराला आईने केलेले रफू आहे आणि ते खालच्या अंगाला झाकून टाकावे का, असे तुम्ही पत्राच्या समासात बारीक अक्षरात विचारले आहे. झाकू नका. पदर उशाकडे येईल असे लुगडे अंथरा आणि रफूपाशी आल्यावर तुमचा दोरा त्याच्या भोवतीने न्या, वरून नको.